सोबत शोधणारी मावशी

माझी मावशी मेलेल्या बायकांना अंघोळ घालायची. नगरपालिकेच्या रुग्णालयात, तळमजल्याच्या मागच्या बाजूला, शवागाराला लागून एक फरशीची खोली होती. तिथे तिनं सव्वीस वर्षं काढली. कागदावर तिचं पद 'परिचारक, वर्ग चार' असं होतं. लोक तिला अंघोळवाली म्हणायचे आणि कुणाच्या लग्नाला गेली की तिच्या शेजारची खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहायची. मावशी त्या खुर्चीवर आपली पिशवी ठेवायची. म्हणायची, "बरं झालं, ऐसपैस बसता येतं. हीच माणसं एक दिवस माझ्यापुढं मुकाट आडवी होतील, तेव्हा कुठं सरकणार?"

तिच्या कामाची एक ठरलेली रीत होती. पाणी आधी कोमट करून घ्यायचं. "मेलेल्याला गार काय नि गरम काय," असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाली, "तू विचारलंस का त्यांना?" मग अंग धुवायचं, नखं काढायची, केस विंचरायचे, हनुवटी बांधायची. हे करताना ती त्या बाईशी बोलत असायची, हात उचल गं, झालं आता, असं. शेवटी पांढऱ्या कापडात गुंडाळून पायाकडून वर टाके घालत यायची. दोन्ही हात पोटावर घडी करून ठेवायची आणि हातांखाली, पोटाशी, जाळीच्या कापडात बांधलेली कापसाची एक छोटी गादी सरकवायची. बाई श्रीमंत असो की भिकारीण, गादी असायचीच. नातेवाइकांनी विचारलं तर ती सांगायची, "पद्धत आहे." लोकांना वाटायचं धर्मात असेल. धर्मात असं काही नव्हतं. ती पद्धत मावशीनं स्वतः काढली होती, आणि का काढली ते पुढे सांगते.

माझी आई मी नऊ वर्षांची असताना गेली. मावशी तेव्हा विधवा होती, मूलबाळ नव्हतं. ती आली, माझं दप्तर उचललं आणि मला आपल्या खोलीवर घेऊन गेली. आई गेल्यापासून माझा देवावरचा विश्वास उडाला तो उडालाच. मावशीचा मात्र तसूभरही हलला नाही. दर आठवड्याला ती प्रार्थनागृहात जायची, शेवटच्या ओळीत बसायची. आमचे वाद व्हायचे, पण ते जेवणाआधी संपायचे.

मेल्यावर काय होतं याची तिला पक्की माहिती होती. एक मोठं दार, दारापुढं रांग, रांगेच्या शेवटी खिडकी. खिडकीतला माणूस नाव विचारतो, वहीत बघतो आणि आत सोडतो. मी नगरपालिकेत कारकून लागले तेव्हा तिला म्हटलं, "मावशी, हे तर आमचं ऑफिस झालं."

"मग? देवाला कारकून लागत नसतील? एवढा पसारा एकटा कसा बघेल?"

"आमच्याकडं खिडकी अकराला उघडते आणि माणूस साडेबाराला उगवतो."

"तिथं कुणाला घाई आहे?" ती म्हणाली. 

आता मुलांचं. आमच्या गावच्या धर्माप्रमाणे सातव्या दिवशी प्रार्थनागृहात मुलाचं नाव ठेवतात. सात दिवसांच्या आत गेलेलं मूल धर्माच्या लेखी जन्मलेलंच नसतं. वर त्याचं नाव वहीत नाही आणि खाली दफनभूमीत त्याला जागा नाही. पण पूर्वी असं होतं की बाप कपड्याचं गाठोडं घेऊन दफनभूमीच्या रखवालदाराकडे जायचा, रखवालदार भिंतीलगत आतल्या बाजूला हातभर खड्डा खणायचा आणि तेव्हाचे धर्मगुरू दुसरीकडे बघायचे. नियम आणि माणुसकी यांच्यात तेवढी एक फट होती. तिच्यातून बरीच पोरं आत गेली.

मग नगरपालिकेची निवडणूक झाली. प्रार्थनागृहाच्या ओट्यावरून नवे धर्मगुरू म्हणाले, मत हीसुद्धा प्रार्थनाच आहे, आणि कुणाला द्यायचं तेही त्यांनी सांगितलं. त्यांची माणसं निवडून आली. अध्यक्ष झाले ते लाकडाच्या वखारीचे मालक होते, कधी कुणाला उलटून न बोललेले, गोड गळ्याचे. पहिल्या वर्षात सभा प्रार्थनेनं सुरू व्हायला लागल्या, जबाब धर्मग्रंथावर हात ठेवून घ्यायचे ठरलं आणि तिसरा ठराव आला तो दफनभूमीच्या पावित्र्याचा. पुरण्याचा परवाना हवा तर प्रार्थनागृहाचा नामकरणाचा दाखला जोडावा. दाखला नसेल तर रुग्णालयानं आपल्या नियमानुसार विल्हेवाट लावावी. रुग्णालयाचा नियम म्हणजे मागच्या अंगणातली भट्टी. तिथं रक्ताची बँडेजं आणि कापलेली बोटं जाळायचे.

त्या ठरावाचं परिपत्रक मी टाईप केलं. पाच प्रती. मी 'बिननावाचे मूल' लिहिलं होतं, अध्यक्षांनी ते खोडून 'नामरहित अर्भक' केलं, कारण ते भारदस्त दिसतं. मी पोटार्थी माणूस. पुन्हा टाईप केलं, सही घेतली आणि एक प्रत रुग्णालयात पाठवून दिली. ती मावशीच्या खोलीच्या दारावर चिकटवली गेली. संध्याकाळी मावशी मला म्हणाली, "अक्षर तुझ्या मशीनचं दिसतंय." त्या मशीनचा 'र' जरा वर उडायचा.  

यानंतर तीन वर्षांनी मला मुलगी झाली. अशक्त होती, दुधाला तोंड लावत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी मान हलवली तेव्हा माझा नवरा धावत प्रार्थनागृहात गेला. म्हणाला, आजच नाव ठेवा, पाया पडतो. धर्मगुरूंनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं आणि शांतपणे सांगितलं की अजून पाच दिवस बाकी आहेत, देवाच्या मनात असेल तर ती थांबेल. दुपारी दोन वाजता ती गेली. तिचं नाव आम्ही ठरवून ठेवलं होतं. ते मी कधी मोठ्यानं उच्चारलं नाही. मग उच्चारणार कुणासाठी?

नर्स स्टीलचा ट्रे घेऊन आली. तिच्या मागून मावशी आली, तिनं ट्रे बाजूला ठेवला, मुलीला टॉवेलमध्ये घेतलं आणि माझ्या कानाशी तोंड आणलं. "भट्टीत जाणार नाही. मी बघते. चांगली सोबत शोधते तिला."

मला वाटलं, दुःखानं तिचं डोकं फिरलं. मग तिनं पलंगाच्या कडेवर बसून सगळं सांगितलं, इतक्या हळू की शेजारच्या बाईला ती मला धीर देतेय असंच वाटलं असेल. परिपत्रक आलं त्या आठवड्यात तिच्या हाती पहिला ट्रे दिला होता. ती ट्रे घेऊन भट्टीपर्यंत गेली, उभी राहिली आणि परत आली. अंघोळीच्या ओट्यावर त्या दिवशी एक म्हातारी होती, बाजारात बटणं विकणारी. मावशीनं मूल कापसात गुंडाळलं, म्हातारीच्या हातांखाली ठेवलं आणि वरून टाके घातले. तेव्हापासून सगळ्याच बायकांच्या पोटाशी ती कापसाची गादी ठेवायला लागली, म्हणजे ज्यांच्यापाशी गादीहून जास्त काही आहे त्या वेगळ्या दिसू नयेत.

"पण खिडकीत नाव विचारतील ना?" मी म्हटलं. मी, जिला खिडकीच मान्य नव्हती.

"विचारू देत. पोराला बोलता येत नाही, पण बाईला येतं. ती सांगेल, हे माझ्याबरोबर आहे. एवढं म्हटलं की सोडतात. बायकांच्या कडेवरच्या पोराचं कुणी तिकीट मागतं का?"

"आणि ती म्हणालीच नाही तर?"

"म्हणून तर शोधावी लागते. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मी सांगते, मेल्यावरही जात नाही. कजाग बाईच्या कुशीत लेकरू घातलं तर ती रांगेतच खाली ठेवून पुढं जाईल."

त्यासाठी ती चौकशी करायची. बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांना विचारायची, स्वभावानं कशी होती. मुलगे हुंदके देत सांगायचे, देवमाणूस होती. त्यावर ती विश्वास ठेवायची नाही. ती सुनेला गाठायची. सून दोन क्षण थांबून बोलली की मावशीला कळायचं. कधी कधी योग्य बाई मिळायला आठवडा लागायचा, तोवर मूल बर्फाच्या कपाटात, मागच्या कोपऱ्यात. कुणाला कुठं दिलं ते ती आयांना कधीच सांगायची नाही. आया कबरीवर जायला लागतील, रडतील, आणि सगळं बाहेर येईल, असं तिचं म्हणणं होतं. मलाही सांगितलं नाही. मी खूप विचारलं, तिनं ताकास तूर लागू दिली नाही.

पण मी मृत्यूंच्या नोंदी ठेवणारी कारकून. कामावर परत गेल्यावर मी वही उघडून पाहिलं. माझी मुलगी गेली त्या दिवशी गावात एकच बाई गेली होती, आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाई. एक आणि एक दोन. त्यांनी मला सातवीत शंभरपैकी अकरा दिले होते, आणि आता माझी मुलगी त्यांच्या कुशीत होती. मी दर महिन्याला त्यांच्या कबरीवर जायला लागले. रखवालदार खोकत खोकत विचारायचा, विद्यार्थिनी का? मी हो म्हणायची. मावशीला मी गेलेलं माहीत होतं. ती नुसती माझ्याकडे बघायची आणि तव्याखालचा गॅस कमी करायची. आठ वर्षं मी त्या दगडाशी उभी राहून मनात मुलीशी बोलले. पाढे येतात का विचारलं.

आठ वर्षांनी अध्यक्षांच्या मनात आलं की आपल्या आईचं स्मारक बांधावं. त्यांची आई म्हणजे सगळ्या गल्लीची काकू. भली बाई. निम्मी गल्ली तिच्या पायरीवर बसून जेवली असेल. तिच्या पोटी हे कसे आले, देव जाणे. काकूची कबर आत, लांब कोपऱ्यात होती. अध्यक्षांना ती दर्शनी, दाराजवळ, संगमरवराखाली हवी होती, येणाऱ्याजाणाऱ्यानं धर्मनिष्ठ मातेपुढं नतमस्तक व्हावं म्हणून. सभेत ठराव झाला. सकाळी दहा वाजता धर्मगुरू, सदस्य, फोटोवाला आणि शंभरेक माणसं जमली. मी ठराव वाचून दाखवायला होते. प्रार्थना म्हणत कबर उघडली. काकूची हाडं होती, आणि तिच्या बरगड्यांच्या खाली, पोटाशी, दुसरी हाडं होती. मुठीत मावतील एवढी.

फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. डॉक्टरला बोलावलं, तो म्हणाला, जन्मून दोन-चार दिवसांचं असावं, पाच-दहा वर्षांपूर्वीचं.

काकू गेली तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची होती, त्यामुळे तिच्यावर कुणी काही म्हणू शकत नव्हतं. म्हणून लोक तिच्या मुलीवर घसरले. अध्यक्षांची ही धाकटी बहीण बिनलग्नाची, आईची सेवा करून चाळिशी ओलांडलेली. दोन दिवसांत गावानं तिचं सगळं ठरवून टाकलं. मूल कुणाचं, कधी झालं, आईच्या प्रेताखाली कसं लपवलं. तिच्या दारात घाण टाकली. तिच्याकडे शिकवणीला येणाऱ्या मुली येईनाशा झाल्या. अध्यक्ष भर सभेत म्हणाले की बहीण असली म्हणून काय झालं, धर्मापुढं नातं नाही, तिनं ग्रंथावर हात ठेवून सांगावं. ती आली, हात ठेवला, म्हणाली मला काही माहीत नाही, आणि खाली कोसळली. लोक म्हणाले, बघा, ग्रंथ सोसला नाही.

मग अध्यक्षांनी जाहीर केलं. पुढच्या सोमवारपर्यंत कुणी कबूल झालं नाही तर परिपत्रक निघाल्यापासूनच्या अकरा वर्षांतली बाईमाणसांची प्रत्येक कबर उघडायची. अपवित्र जे असेल ते भिंतीबाहेर काढायचं.

त्या रात्री मी जेवले नाही. मावशीच्या खोलीवर जाऊन विचारलं, "किती आहेत?"

"चाळीस. एक बाहेर आली, आता एकोणचाळीस."

"माझीही काढतील." माझ्या डोळ्यांपुढे गणिताच्या बाईंचा दगड होता.

मावशी माझ्याकडे बघत राहिली. तिच्या तोंडाशी काहीतरी आलं आणि तिनं ते गिळलं. मग म्हणाली, "आता कुणाची काढू देणार नाही."

सोमवारी सभागृह भरलं होतं. मी कोपऱ्यात, जबाब लिहायला. मावशी उठून पुढं आली तेव्हा लोकांनी सवयीनं वाट सोडली. तिनं ग्रंथाकडे पाहिलं, दोनदा हात पुसले, आणि उजवा हात ठेवला. हात दोनदा का पुसले ते मला माहीत होतं.  ग्रंथावर हात ठेवून खोटं बोलणाऱ्याला खिडकीवरूनच परत पाठवतात, कायमचं, हे तिनं मला लहानपणापासून हजारदा सांगितलं होतं. माझ्या लेखी ते एक पुठ्ठ्याचं पुस्तक होतं. तिच्या लेखी ते दार होतं.

"ते मूल माझं आहे," ती म्हणाली.

धर्मगुरू म्हणाले, "तू विधवा."

"हो. म्हणून लपवलं. काकूच्या अंघोळीला मीच होते. तिच्यापाशी ठेवलं. काकूला माहीत नव्हतं, तिच्या लेकीला माहीत नव्हतं."

"आणखी किती ठेवलीस?"

"एकच."

कुणीतरी मागून विचारलं, तुझं पोट कसं नाही दिसलं कुणाला? मावशी त्या दिशेला वळली. "माझ्याकडं बघतं कोण?" ती म्हणाली. "शेजारी तरी बसलाय का तुम्ही कधी?"

 वाईट गोष्ट खरी मानायला माणसाला पुरावा लागत नाही. सव्वीस वर्षं ज्यांच्या आयांना तिनं कोमट पाण्यानं धुतलं, त्यांनी पाच मिनिटांत तिला रांड ठरवलं. अध्यक्षांच्या बहिणीनं मात्र मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि तिचे ओठ हलले. काय म्हणाली ते ऐकू आलं नाही.

मी लिहीत होते. आणि मला काय वाटलं ते खरं सांगते, लपवण्यासारखं आता काही उरलं नाही. मला आनंद झाला. कबरी उघडणार नाहीत. माझी मुलगी गणिताच्या बाईंच्या कुशीत सुखरूप आहे. मावशीचं पुढं काय होईल याचा विचार मला नंतर आला, घरी जाताना.

ठराव मीच टाईप केला. मावशीला कामावरून काढलं. मेल्यावर तिला भिंतीच्या आत जागा नाही, अशी ओळ घातली. सापडलेली हाडं भिंतीबाहेर पुरावीत, अशी दुसरी. त्या हाडांचं गाठोडं माझ्या टेबलावर आलं, नगरपालिकेच्या जाड कापडात बांधलेलं. नियमाप्रमाणे त्याला पत्र्याची चिठ्ठी बांधायची होती. मी खिळ्यानं कोरून लिहिलं: अवशेष एक. नाव नाही. चिठ्ठी बांधली, रखवालदाराची सही घेतली आणि गाठोडं त्याच्या हाती दिलं. ते फार हलकं होतं. मग मी चहा प्यायले.

मावशी माझ्याकडे राहायला आली. वर्षभर होती. प्रार्थनागृहात तिला मनाई झाली, तरी ती दर आठवड्याला जायची आणि फाटकाबाहेर रस्त्यावर उभी राहायची, पाऊस असो, ऊन असो. पोरं खडे मारायची. मी चिडायची. म्हणायची, "कशासाठी जातेस? असलं काही नसतं. शपथबिपथ, खिडकीबिडकी, काही नसतं. तू सुटलीस असं समज."

"तुझ्यासाठी नसतं," ती म्हणायची. "माझ्यासाठी आहे." तिला खरोखर भीती वाटत होती. दुपारी झोपेतून दचकून उठायची आणि उजवा हात चोळत बसायची.

शेवटी तिच्या छातीत पाणी झालं. एका दुपारी मी दगडाशी जाऊन आले होते, चपलांना माती होती. तिनं चपलांकडे पाहिलं.

"कुठं गेली होतीस?"

"तुला माहितेय. गणिताच्या बाईंकडं."

"तिच्याकडं मी कधीच कुणाला दिलं नाही," मावशी म्हणाली. "पोरांच्या बोटांवर पट्टी मारायची ती. तिच्या सुनेनं सांगितलं होतं. तुझी पोरगी मी नऊ दिवस बर्फात ठेवली. चांगली बाई मिळेना. मग काकू गेली."

मला समजायला वेळ लागला.   मला आधी माझ्या हाताची आठवण झाली, गाठोड्याची, किती हलकं होतं त्याची.

"तू मला सांगितलं नाहीस," मी म्हटलं. "माझ्या टेबलावर होती ती. मी चिठ्ठी बांधली."

"सांगितलं असतं तर तू तिथंच ओरडली असतीस. आईच तू. मग एकोणचाळीस पोरं बाहेर आली असती."

मला तिचा राग आला, इतका की तिच्या आजाराचं भान राहिलं नाही. मी म्हटलं, "त्या एकोणचाळिसांसाठी माझी फेकलीस. ती तिथं एकटी आहे. झुडपात. वर्ष झालं."

मावशीला धाप लागली होती. तिनं थांबून थांबून सांगितलं. "तिला बाहेर काढणार हे मला कबर उघडली तेव्हाच कळलं. तिच्याजवळ कुणीतरी जायला हवं होतं ना. पण भिंतीबाहेर पुरतात कुणाला? चांगल्या बाईला तिकडं कोण टाकतं? म्हणून मी वाईट झाले." मग म्हणाली, "आत सोडणार नाहीत आम्हाला. माहितेय मला. पण दोघी बाहेर बसू. एकटी नाही राहणार ती."

चार दिवसांनी सकाळी ती गेली. रुग्णालयाच्या खोलीत आता प्रार्थनागृहानं नेमलेली बाई होती, ती म्हणाली मी या प्रेताला हात लावणार नाही. मी म्हटलं, लावू नकोस, बाजूला हो. पाणी मी कोमट केलं. तिला धुतलं, नखं काढली, केस विंचरले. हात उचल गं, असं मी तिला म्हटलं आणि मलाच ऐकून रडू फुटलं. सव्वीस वर्षं तिनं जितक्यांना धुतलं त्यांच्या घरचं कुणीही आलं नाही. अध्यक्षांची बहीण तेवढी आली, बाहेर बाकावर बसली आणि शेजारच्या जागेवर तिनं मावशीची पिशवी ठेवून घेतली.

भिंतीबाहेर रखवालदार आमची वाट बघत होता. गाठोडं त्यानंच पुरलं होतं, कुठे ते त्याला पक्कं आठवत होतं. त्यानं खुणेला एक फुटकी वीट ठेवली होती. मी काही न सांगता तो त्या विटेच्या बाजूलाच खणायला लागला आणि हातभर खाली गेल्यावर त्याचं फावडं पत्र्याला लागलं. त्यानं गाठोडं वर काढलं, माती झटकली आणि माझ्या हातात दिलं. चिठ्ठीवर माझं अक्षर होतं.

"मी जरा पाणी पिऊन येतो," तो म्हणाला आणि पाठ फिरवून चालायला लागला.

मी ती चिठ्ठी सोडली. मावशीच्या पोटापाशी घातलेले टाके उसवले, कापसाची गादी काढली आणि तिच्या हातांखाली माझ्या मुलीला ठेवलं. मी देव मानत नाही. दार, रांग, खिडकी, यातलं काही असेल असं मला आजही वाटत नाही. तरी मी वाकले, मावशीच्या कानाशी तोंड नेलं आणि आम्ही ठरवलेलं ते नाव तिला सांगितलं. कुणी विचारलंच तर तिला सांगता यावं म्हणून. नीट लक्षात राहावं म्हणून पुन्हा एकदा सांगितलं. मग सुईत दोरा ओवला आणि टाके घालायला घेतले.